पहारेकरी आणि परवली

आम्हांस फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले, तेव्हा दिल्लीतील स्नेह्यांनी दाखविलेली आपुलकी विसरता येणार नाही. बदलीच्या नोकरीत सख्खे नातलग दूर राहतात. त्यांची जागा शेजारच्या बिऱ्हाडांनी भरून काढावयाची असते, आणि ती त्यांनी काढली. कोणी गुळवेलीचा काढा आणला, कोणी आवळ्याचा रस, कोणी पहाटेचा प्राणायाम शिकविला. सर्वांच्या तोंडी वाक्य मात्र एकच होते : “प्रतिकारशक्ती वाढवा, सारे ठीक होईल.”

वाक्य प्रेमाचे होते. तरी एका रात्री ते आमच्यावर उलटले. प्रतिकारशक्ती वाढविल्याने रोग जात असेल, तर ती राखली नाही म्हणूनच तो आला असला पाहिजे. तीस वर्षे आम्ही सिगारेट ओढली होती. तेव्हा हा रोग म्हणजे आमच्या कर्माची भरपाईच नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस उपचारांनीच दिले. शरीराच्या अंगभूत बळाने कर्करोग हटवावा, ही कल्पना जुनी आहे. न्यू यॉर्कचे शल्यवैद्य विल्यम कोली यांनी 1891 मध्ये एका रोग्याच्या गाठीत जिवंत जंतू टोचून ज्वर आणविला. काही रोग्यांच्या गाठी अशा उपायाने विरघळल्या. पण भरवशाचा परिणाम येईना, आणि पुढे क्ष-किरणांच्या उपचारांपुढे ही पद्धत मागे पडली. निजलेले बळ जागे करावयाचे, अशी तेव्हाची समजूत होती. अमेरिकेतील जेम्स ॲलिसन आणि जपानमधील तासुकू होन्जो यांच्या संशोधनाने निराळेच चित्र पुढे आणले, आणि त्याबद्दल उभयतांस 2018 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ते चित्र असे. गडावर पहारेकरी जागा आहे, त्याच्या हाती शस्त्रही आहे. परंतु गडावर वाढलेल्या फितुराला परवलीचा शब्द ठाऊक असतो. तो उच्चारताच पहारेकरी त्यास आपला समजून वाट देतो. पहारेकऱ्याने स्वकीयांवर शस्त्र चालवू नये म्हणून निसर्गाने घातलेला हा निर्बंध आहे. कर्कपेशी त्याचाच लाभ घेतात. दर तीन आठवड्यांनी आमच्या शिरेतून जाणारे औषध पहारेकऱ्याचे बळ वाढवीत नाही. ते त्याच्यावरचा निर्बंध तेवढा उठविते. म्हणूनच त्यात जोखीमही आहे. मोकळ्या सुटलेल्या पहारेकऱ्याने आमच्या थायरॉइड ग्रंथीवरही शस्त्र चालविले, आणि त्यापायी आता रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते. टाटा स्मारक रुग्णालय आणि मुंबईची आय. आय. टी. यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या, 2023 मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या उपचारातही काही रक्तकर्करोगांच्या रोग्यांच्या पेशी बाहेर काढून त्यांस शत्रूची ओळख शिकविली जाते. सारांश, येथे प्रश्न केवळ शक्तीचा नसून विवेकाचा आहे.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हेच औषध घेणारा एक तरुण शिक्षक होता. विडी-सिगारेट त्याने कधी हाती धरली नव्हती. आहार नेमस्त, वृत्ती सात्त्विक. औषध आम्हांस लागू पडले, त्यास पडले नाही. डॉक्टरांनी याचे एक संभाव्य कारण सांगितले, ते ऐकून आम्ही थक्क झालो. धुराने बिघडलेल्या पेशींत इतके फेरफार झालेले असतात की, त्या पहारेकऱ्यास अधिक परक्या दिसतात; म्हणून धूम्रपान करणाऱ्यांस या औषधाचा गुण पुष्कळदा अधिक येतो. ज्या व्यसनाने रोग आणला, त्यानेच उपचारास हात दिला! पापपुण्याच्या कोणत्या जमाखर्चात ही नोंद बसवावी?

म्हणून तंबाखू निर्दोष ठरते, असे नव्हे. ती सोडलीच पाहिजे, आणि हे आम्ही प्रत्येक तरुणास सांगतो. परंतु कारण शोधणे निराळे आणि दोष देणे निराळे. आम्हां कचेरीतील माणसांस हा भेद नवा नाही. एखादी चौकशी पुढचा अपघात टळावा म्हणून होते, एखादी कोणावर तरी ठपका ठेवावा म्हणून. पहिलीने पुढच्या माणसाचे रक्षण होते. दुसरीने पडलेला माणूस उठत नाही.

शेजारी अद्याप काढा आणून देतात. डॉक्टरांस विचारल्यावाचून तो आम्ही घेत नाही. आणणाऱ्याचा स्नेह मात्र पुरता घेतो. त्या शिक्षकाच्या वृद्ध मातेने एके दिवशी रुग्णालयाच्या ओसरीत आम्हांस विचारले, “बाबूजी, आमच्या हातून काय चुकले?” फायलींवर आयुष्यभर शेरे लिहिलेल्या आम्हांस त्या वेळी एकच उत्तर सुचले : “काही चुकले नाही, माताजी.” ते बोलताना आमच्याही उरावरचे ओझे थोडे हलके झाले.