भार उतरल्यावर

जुन्या गाडीला आवाज लागला की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘कुठून येतोय?’ मुरलेला मिस्त्री हा प्रश्न मागे ठेवतो. चासीचं लोखंड आवाज लांबवर वाहून नेतं. मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगमधली घरघर ड्रायव्हरच्या सीटखाली ऐकू येते आणि धडधाकट गिअरबॉक्स उगाच खोलला जातो. म्हणून मिस्त्री विचारतो, ‘कधी येतो?’

या ‘कधी’ला बरीच उत्तरं असतात, आणि प्रत्येक उत्तराने संशयितांतला एकेक जण सुटतो. सपाट रस्त्यावर वेग धरून गिअर न्यूट्रल केला, इंजिन मंदावलं, तरी आवाज चाकांच्या वेगाबरोबर चालूच राहिला, तर इंजिन निर्दोष. डावीकडच्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजव्या बाजूचं बेअरिंग तपासायचं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत चाकाच्या एका फेऱ्यात, मागच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट चारेक वेळा फिरतो. टिकटिक सावकाश असेल तर शोध चाकापाशी, भराभर असेल तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसपाशी. पाना हातात घेण्याआधी एवढं सगळं नुसत्या कानांनी कळतं.

चिपळूणच्या एका मिस्त्रींबरोबर आमची जुनी डिझेल गाडी घेऊन मी कुंभार्ली घाटात गेलो होतो. चढाला गाडी शांत होती. वर जाऊन परत फिरलो, उताराला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि मागून खोल घुमणारा आवाज सुरू झाला. पाय ठेवला की बंद, काढला की चालू. मिस्त्रींनी काचा वर करायला सांगितल्या, वाकून तळहात गाडीच्या पत्र्यावर टेकवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “ओढताना गप्प आहे, सोडल्यावर ओरडतेय. पिनियन बघायला लागेल.” गॅरेजमध्ये शाफ्ट सोडवून त्यांनी पिनियनचा फ्लँज मुठीत धरला आणि पुढेमागे हलवून दाखवला. अगदी केसभर हालत होता, पण हालत होता. आतलं बेअरिंग झिजलं होतं.

पिनियन म्हणजे शाफ्टच्या टोकाशी असलेला छोटा गिअर; तो क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवतो. गिअरच्या प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात. इंजिन चाकांना ओढतं तेव्हा एक बाजू दाबली जाते. उताराला चाकंच इंजिनाला फिरवू लागतात, तेव्हा दाब दुसऱ्या बाजूवर येतो. गाडी ओढत होती तोवर त्या भारानेच पिनियन एका जागी दाबून धरला होता. भार उतरला आणि आतला सैलपणा बोलू लागला. दोष मात्र चढालाही तिथेच होता.

तेव्हापासून ही गोष्ट मला माणसांतही दिसते. आमच्या शेजारच्या एका काकूंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं वर्षानुवर्षं केलं. कधी कुरकुर नाही, कधी आजारपण नाही. त्या काळात येणारा-जाणारा विचारायचा, “तुम्ही कशा आहात?” आणि त्या खरोखर ठीक असायच्या. सासूबाई गेल्या, तेरावा झाला, पाहुणे पांगले. सगळे म्हणाले, “आता जरा मोकळ्या झालात.” आणि नेमकं तेव्हापासून त्यांचं बिनसलं. रात्री औषध द्यायच्या वेळेला अजून जाग येते, मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. हात थरथरतात. तपासण्यांत काही सापडत नाही. तोवर घरात कुणी “कशा आहात?” विचारायचं बंद झालेलं असतं, कारण ओझं तर उतरलं ना!

निवृत्त झालेले शिक्षक, शेवटच्या मुलीचं लग्न लावून बसलेला बाप, कर्ज फिटलेला शेतकरी, परीक्षा संपलेला मुलगा यांच्याकडे आपण निर्धास्तपणे पाहतो. ओझं होतं तेव्हा आपण हात दिला, धीर दिला, डबा पोचवला. ते उतरलं की आपलं काम संपलं असं आपण धरून चालतो. पण काही झीज ओझ्याखाली दिसतच नाही. कर्तव्याचा दाब माणसाला एका जागी घट्ट धरून ठेवतो, आणि तो दाब सुटल्यावरच कळतं की आत किती सैल झालंय. अशा वेळी “आता काय तक्रार आहे तुमची?” हा प्रश्न क्रूर ठरतो.

पिनियनची घरघर वेळेवर ओळखली तर बेअरिंग बदलून भागतं. दुर्लक्ष केलं तर दाते खराब होतात, आणि क्राऊन व पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असल्यामुळे मग जोडीच बदलावी लागते. माणसाच्या बाबतीत तर बदलायला दुसरी जोडी नसते.

म्हणून आज एवढंच करू या. आपल्या ओळखीत नुकतंच कुणाचं मोठं ओझं उतरलं असेल, तर त्याच्या घरी जाऊ. अभिनंदन आणि सांत्वन दोन्ही बाजूला ठेवू. निवांत बसू आणि विचारू, “दिवस कसा जातो? झोप कधी लागते? कधी बरं वाटतं, कधी नाही?” उत्तर यायला वेळ लागला तरी उठायची घाई करू नये.