उघड्या दाराची खोली

घरी ऑफिस थाटायचं ठरलं तेव्हा मी टेबल-खुर्चीच्या आधी दाराचा विचार केला होता. दार लावलं की ऑफिस, उघडलं की घर. मे महिन्यात हा हिशेब कोलमडला.

आमचं घर कुम्हारीत, रायपूर आणि भिलाईच्या मध्ये. उन्हाळ्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपार कूलरवरच काढावी लागते. पण कूलरला बाहेरची कोरडी हवा आत यायला जशी खिडकी लागते, तशी आतली दमट हवा जायला वाटही लागते. दार बंद केलं की खोलीत ओल साठते, पाण्याचं बाष्प होणं मंदावतं आणि गारव्याऐवजी चिकचिक उरते. म्हणजे थंडावा हवा असेल तर दार उघडं, आणि उघड्या दारातून कुकरची शिट्टी, आल्यागेल्याचं बोलणं, टीव्ही, सगळं आत येणार. शिवाय हावडा-मुंबई मार्गावरच्या गाड्या आहेतच. त्यांना कुठलंच दार अडवत नाही.

बाकीच्या अडचणी मापाने सुटल्या. उत्तरेची खिडकी कूलरने अडवली होती. तो पश्चिमेच्या खिडकीत हलवला आणि टेबल उत्तरेला आडवं लावलं. प्रकाश डाव्या बाजूने येऊ लागला, लॅपटॉपच्या पडद्यावरची चकाकी गेली. टेबल ३० इंच उंच होतं. कोपर टेबलाच्या पातळीला यावं म्हणून खुर्ची वर घेतली, तर पाय अधांतरी राहिले. आईने जेवणाचा जुना पाट पायांखाली सरकवला. लॅपटॉपखाली दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवला, वेगळा कीबोर्ड घेतला, आणि वर्षभर धरलेली मान आठवड्याभरात मोकळी झाली. इंटरनेट सारखं तुटायचं, त्याचं कारण राउटरसमोरचं लोखंडी कपाट होतं. पत्र्यातून लहरी पार होत नाहीत. राउटर कपाटावर चढवला, तिथून टेबलापर्यंत केबल ओढली.

विजेचं गणित मी कागदावर केलं. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदोपत्री १८०० वॅट-तास. लॅपटॉप, राउटर, पंखा आणि एक दिवा मिळून दीडशे वॅट धरले, तरी बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज खर्ची पडते. म्हणून बारा नव्हे, सहा तासच हाती आहेत असं समजायचं. कूलर त्यावर लावायचा नाही.

दाराचा प्रश्न मात्र मापाने सुटेना. तो आईने सोडवला, आणि तिचा उपाय बाबांच्या पाळ्यांमधून आला.

भिलाईत कामाभोवती शहर वसलं. १९५५ मध्ये पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि पोलादाबरोबर सेक्टरांची वसाहतही उभी राहिली. भट्टी विझवता येत नाही, म्हणून माणसं पाळ्यांनी जातात. बाबाही कुम्हारीहून पाळीला जायचे. रात्रपाळी करून आले की दिवसभर झोपायचे, आणि तेव्हा आमचं घर हळू आवाजात चालायचं. आई ताटं फडक्यावर उपडी घालायची, कूट आदल्या संध्याकाळी करून ठेवायची, दारावरच्या भाजीवाल्याला खुणेने थांबवायची. आम्ही मुलं पुढच्या ओसरीत अभ्यास करायचो.

माझी चिडचिड पाहून ती एवढंच म्हणाली, “दाराचा पडदा सोडलास की बाबांची रात्रपाळी आहे असं समजू. पण सुटतोस कधी, ते सांगत जा.”

तिचं ते दुसरं वाक्य मला लागलं. बाबांच्या पाळीला शेवट होता. ती शांतता किती वेळ पाळायची हे घराला ठाऊक असायचं. माझ्या मीटिंगा कधीही सुरू व्हायच्या, कितीही लांबायच्या, आणि तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणीतरी श्वास रोखून उभं असायचं. कुम्हारी या नावात कुंभार ऐकू येतो. कुंभाराचं चाक घरातच फिरतं, पण त्याच्या घरातल्यांना माती कधी मळायची आणि भट्टी कधी लावायची हे माहीत असतं. माझ्या कामाचं माझ्या घराला काहीच माहीत नव्हतं, आणि घराची जागा मात्र मी घेतली होती.

आता स्वयंपाकघराच्या दाराशी पाटी टांगली आहे. सकाळी मी तिच्यावर शांततेच्या वेळा लिहितो: दोन तास, फार तर तीन. त्यापलीकडची मीटिंग आली तर दुसरी वेळ मागून घेतो. खुर्चीची पावती कंपनीला पाठवता येते. आईने उपड्या घातलेल्या ताटांची पाठवता येत नाही. ती मोजायची जबाबदारी माझीच आहे.

साडेसहाला मी पडदा वर बांधतो. मग आतून कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि तेवढा वेळ थांबवून ठेवलेला खलबत्ता सुरू होतो.