पसंती, अट आणि कायदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभे राहते आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांमध्ये गोटमार सुरू होते. तिच्यामागची कथा आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. इकडचा मुलगा आणि तिकडची मुलगी नदी ओलांडू लागली आणि दोन्ही काठांवरून दगड आले. दंतकथाच ती, पण तीत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. त्या मुलीला कोण पसंत आहे याविषयी दोन्ही गावांना मुळीच संशय नव्हता. वाद होता तो तिच्या पसंतीला किंमत द्यावी की नाही, एवढाच.

हा विषय आज काढण्याचे कारण आपल्याच सभागृहात घडले. वधूवर-नोंदवहीसाठी एका गृहस्थांनी आपल्या कन्येची माहिती लिहून दिली. शिक्षण, नोकरी, जन्मतारीख सर्व काही भरले. जात-पोटजातीचा रकाना मात्र कोरा ठेवला आणि अपेक्षेच्या जागी ‘अट नाही’ असे लिहिले. तो कागद त्यांस परत करण्यात आला. रकाना भरल्यावाचून नोंद होणार नाही, असे सांगण्यात आले. गृहस्थ शांत स्वभावाचे. त्यांनी एवढेच विचारले की, हे कायद्यास धरून आहे काय? त्यावर आमच्यापैकी एकाने उलट विचारले, ‘मग उद्या माझ्या मुलाने एखादे स्थळ नाकारले, तर तोही गुन्हा ठरायचा काय?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र एक नव्हेत, आणि ती एक समजल्यामुळेच आमच्या बैठकीत त्या दिवशी आवाज चढले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद जातीवरून भेदभाव करण्यास प्रथम शासनाला मनाई करतो. नंतर दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट अशा ठिकाणी ती मनाई सर्वांसच लागू करतो. कोणाचे मन ही काही सार्वजनिक विहीर नव्हे. जोडीदार निवडणे हा एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केरळातील एका विवाहाच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. आणि ते योग्यच आहे. नकाराचे कारण सरकारदरबारी पटवून देण्याची पाळी आली, तर सर्वांत आधी भरडली जाईल ती मुलगीच. ‘मला नको’ एवढे म्हणण्याची मुभा तिला आताशा कोठे मिळू लागली आहे!

तथापि नकार गुन्हा नाही म्हणून तो निर्दोष आहे, असे होत नाही. एका माणसास एक गोष्ट आवडते, ही आवड झाली. शंभर घरांना नेमकी तीच गोष्ट आवडते, ती आवड बाप मुलास आणि सासू सुनेस सोपवते, आणि जिला ती नसेल तिच्या घरी मुहूर्ताला कोणी जात नाही. यास आवड म्हणावे काय? यास आम्ही नियम म्हणू. तो ओळखण्याची खूणही सोपी आहे. जे वडील ‘आमच्या मुलाची पसंती आहे, आम्ही काय करणार’ असे म्हणून परजातीचे स्थळ परत करतात, ते त्याच मुलाने परजातीची मुलगी पसंत केली असता तेच वाक्य म्हणतात काय? (‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ या जाहिरातींविषयी येथे लिहीत नाही. तो वेगळाच ग्रंथ होईल.)

या बाबतीत कायद्याने कोणास ढकललेले नाही, फक्त दार उघडले, हेही विसरू नये. १८७२ च्या विवाह कायद्याखाली परजातीत लग्न करणाऱ्या हिंदूस आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. ती लाजिरवाणी अट १९२३ मध्ये दूर करविणारे डॉ. हरिसिंग गौर हे आपल्याच जुन्या मध्यप्रांताचे. पुढे १९४९ च्या कायद्याने, केवळ जाती भिन्न म्हणून हिंदूंचा विवाह अवैध ठरणार नाही, असे स्पष्ट केले. परंतु उघड्या दारातून जावयाचे कोणी? डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्येच बजावले होते की सहभोजनाने भागावयाचे नाही, बेटीव्यवहार हाच खरा उपाय. गांधीजींनीही अखेरच्या वर्षांत, आपल्यापासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात, हरिजन व सवर्ण यांच्याच विवाहास आशीर्वाद देण्याचा निश्चय केला. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्या कन्येचा हरिजन तरुणाशी विवाह तेथे ठरला होता. तो मार्च १९४८ मध्ये झाला, तेव्हा आशीर्वाद देणारे राहिले नव्हते.

आता पहिला प्रश्न, म्हणजे नोंदवहीचा. येथे निवडणारे वधूवर नव्हेत, निवड होण्यापूर्वीच चाळणी लावणारी संस्था आहे. घटनेतील ‘दुकान’ हा शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुष्कळ व्यापक अर्थाने घेतला. लोकांस सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येऊ शकतो. उलट २००५ मध्ये त्याच न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेस सभासदत्व पारशांपुरते ठेवू दिले होते. तेव्हा न्यायालयात आपला रकाना टिकणारच नाही, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. वरुडकडील आपल्या सोयऱ्यांना जातपंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्याचा आधार आहे. तो कायदा राज्याच्या सीमेपाशी थांबतो, आणि तोही नोंदवहीतील रकान्यासंबंधी नाही.

पण मंदिराने न्यायालयाची वाट का पाहावी? अस्पृश्यतेच्या कारणावरून ज्या दारात कोणास अडविणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा झाले, त्याच दारातून आत आलेल्या पित्यास आपण पहिल्या टेबलाशी जात विचारतो आणि ती न सांगितल्यास परत पाठवितो. ज्यांस स्वजातीचेच स्थळ हवे, त्यांनी तसे अपेक्षेच्या जागी स्वतःच्या हाताने लिहावे. आम्ही ते खोडणार नाही. छापील रकाना मात्र संस्थेच्या हातचा आहे.

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत तो काढून टाकण्याची सूचना आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, आणि तो करणाऱ्यांत आमचे निकटचे स्नेहीही असतील. परत केलेला तो कागद त्या गृहस्थांकडून मागून घेतला आहे. कन्येनेही त्यावर सही केली आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.