एकटं हळकुंड

औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजारजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत नवे गुरुजी रुजू झाले. तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन महिना 16,000 रुपये. गणित शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गुरुजी कुणात मिसळत नसत. डबासुद्धा वर्गात एकटेच खात.

फाल्गुनात हळद निघाली. पोरं आईबापांसोबत रानात जाऊ लागली, हजेरी निम्म्यावर आली. गुरुजींनी पालकांना चिठ्ठ्या धाडल्या, ‘मुलास शाळेत पाठवा.’ उत्तर एकाचंही नाही. त्यात ऑनलाइन माहितीचा तगादा. एका संध्याकाळी त्यांनी मोठ्या बाईंच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

बाई म्हणाल्या, “याचं उद्या बघू. आज माझ्यासोबत एका पालकाकडे चला.”

खळ्यावर शिजवून वाळवलेल्या हळदीचा ढीग होता. पॉलिशचा ड्रम मात्र उभाच. घरधनी उरलेल्या पोत्यांची वाट बघत होता.

“आहे तेवढी घालून सुरू करा ना,” गुरुजी म्हणाले.

“नाही सर. थोडकी घातली की हळकुंडं नुसती आपटून तुटतेत. ड्रम भरला की एकमेकाला घासून उजळतेत.”

परतताना बाई म्हणाल्या, “गुरुजी, आपल्या शाळेचा ड्रम रिकामाच राहिला. तो भरणं माझं काम होतं. त्यात उतरणं तुमचं.”

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे डबे व्हरांड्यात एकत्र उघडू लागले. ऑनलाइन माहिती पाळीपाळीनं भरायची ठरली. गुरुजींनी चिठ्ठ्या थांबवल्या आणि ते घरोघर जाऊ लागले. आधी हिंगोलीच्या मार्केटातला भाव विचारायचा, मग पोराचं. एक आई म्हणाली, “हा शाळेत गेला तर धाकटीला कोण बघणार?” एवढी साधी अडचण चिठ्ठीतून कधी कळलीच नव्हती. गुरुजी म्हणाले, “तिलाही घेऊन येऊ दे.” सकाळी बहिणीला कडेवर घेऊन पोरगा वर्गात हजर!

पुढच्या वर्षीही हळद निघाली, हजेरी घटली, ‘तातडीची’ माहिती मागवली गेली. गुरुजी वैतागले, व्हरांड्यात बसून मनसोक्त कुरकुरले आणि संध्याकाळी सहकाऱ्यांना घेऊन पालकांकडे निघाले.

तात्पर्य : शिक्षक एकट्याच्या हिमतीवर टिकत नाही. शाळेनं त्याला सांभाळून घ्यावं आणि त्यानं माणसं जोडावीत, म्हणजे तो अडचणीतही तग धरतो.