फळीमागचं देणं

कर्ज म्हटलं की मला तीन गोष्टी ताबडतोब आठवतात : घेतलं कोणी, फेडायचं कोणाला आणि जामीन कोण. बावीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढल्यावर दुसरं काही आठवणं शक्यही नाही. पण ज्याचं देणं लागतो तो माणूस अजून जन्मभरात भेटलेलाच नाही, पुढेही भेटण्याची शक्यता नाही, अशा कर्जाचं काय करायचं, हे आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नाही. तो धडा मला मिशिगनमध्ये, एका मोटारहोमच्या ओट्याखाली पालथं पडून गिरवावा लागला.

मोटारहोम म्हणजे एस.टी.च्या गाडीत वन रूम किचन बसवलं तर जे होईल ते. माझी ताई आणि भाऊजी तिकडे तीस वर्षं आहेत. भाऊजींनी २०१७ साली १९९२ची एक मोटारहोम विकत घेतली, सहा उन्हाळे हिंडवली, आणि आता गुडघे कुरकुरू लागल्यावर विकायला काढली होती. २०२३च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आणि शुक्रवारी ओट्याखालून पाण्याचा ओघळ आला. पाहुण्याला अमेरिका दाखवण्याचा कार्यक्रम तिथेच रद्द झाला.

ओघळाचं मूळ होतं पाणी तापवायचा हीटर. सहा गॅलन, म्हणजे आपले तेवीसेक लिटर. आपल्या बंबाचा गॅसवर चालणारा अमेरिकन चुलतभाऊ म्हणा. याचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला असतं. पत्र्याचं एक छोटं दार उघडलं की बर्नर, झडप आणि खाली बूच. आधी गॅस बंद, वीज बंद, पंप बंद. पाणी निवू द्यायचं, झडप उचलून दाब सोडायचा आणि मगच बूच फिरवायचं. क्रम चुकला तर अभ्यंगस्नान.

त्या बुचाला आत एक लांब कांडी असते, मॅग्नेशियमची. तिचं काम एवढंच की आपण झिजायचं. टाकी पोलादी, आतून काचेसारखा लेप दिलेली. लेपाला जिथे बारीक भेग असेल तिथे पाणी लोखंड खायला बघतं. पण शेजारी मॅग्नेशियम असलं तर आधी ते गंजतं आणि टाकी वाचते. कांडी संपली की नवी घालायची. (आमच्या शाखेत असे दोन गृहस्थ आहेत. ते रजेवर गेले की शाखेला गंज चढतो. नवे घालत नाहीत.) भाऊजींनी काढलेली कांडी निम्मी झिजली होती. ती वर्तमानपत्रावर ठेवून आम्ही आत गेलो.

कारण गळत होतं मागून. आणि इथे तत्त्वज्ञान सुरू झालं. पाण्याचे पाइप जोडलेले असतात हीटरच्या पाठीला आणि पाठ होती ओट्याखालच्या कपाटामागे. ड्रॉवर काढले, भांडी काढली, ताईने विसरलेला एक मोदकाचा साचा निघाला. पण शेवटी प्लायवूडची एक फळी. तिला दार नाही, स्क्रू नाही, नुसते खिळे. कारखान्यात आधी हीटर बसवला होता आणि मग त्याच्यापुढे स्वयंपाकघर बांधून काढलं होतं. फळी कापली तेव्हा दुखणं दिसलं : करड्या पाइपाचं प्लास्टिकचं कोपर तडकलेलं. त्या काळी तिकडे हे करडे पॉलिब्युटिलीनचे पाइप सर्रास घालत. भाऊजींनी थंडीआधी टाकी रिकामी केली होती, पण कोपरात घोटभर पाणी राहिलं असावं. गोठताना पाणी नऊएक टक्के फुगतं. कोपराला तेवढी सवड कुठली!

कोपर बदलायला वीस मिनिटं लागली. तिथवर पोचायला पाच तास.

मग भाऊजींनी हातोडी घेतली. म्हणाले, "चल, खिळे मार."

मी म्हटलं, "भाऊजी, कापलीच आहे तर बिजागरी लावून दार करू या ना?"

"अर्धा दिवस जाईल. गाडी परवा विकायची आहे. ज्यानं हे खिळे मारले त्यानं आपला विचार केला होता का?"

प्रश्न बिनतोड होता. गळती थांबली होती, गिऱ्हाइकाला फसवण्याचा सवालच नव्हता. पुढे कधी दुसरं कोपर तडकलं तर ते ज्याच्या नशिबात असेल तो बघेल. कायद्याने तर देणं काहीच नाही. पण मला आमची जुनी लेजरं आठवली. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक यायचे होते. ते आले, तेव्हा जुन्या नोंदी तपासून चढवताना एका निवृत्त कारकुनाचं अक्षर आम्ही रोज बघत होतो. प्रत्येक चमत्कारिक नोंदीशेजारी तो लाल शाईने लिहून ठेवी, ही रक्कम कुठून आली, कोणतं पान बघावं. त्याला यासाठी जादा पगार मिळत नव्हता. इतरांनी गाठ सुटली नाही की सस्पेन्स खात्यात टाकून दिलेलं. खिळे मारलेले, म्हणा ना.

आपल्या शास्त्रकारांनीही ऋणाचा हिशेब बारकाईने मांडलाय. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सगळ्यांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथं मनुष्यऋणही आहे. पितृऋण फेडायचं ते मुलं जन्माला घालून. म्हणजे उचल एकाकडून आणि हप्ते भलत्याच्या खात्यात! मॅनेजरसाहेबांपुढे असा प्रस्ताव ठेवला तर ते मला रजेवर जायला सांगतील. मनुष्यऋण फेडायचं ते माणसांना निवारा आणि अन्न देऊन. गरम पाण्याचा उल्लेख नाही, पण मिशिगनची थंडी त्या ऋषींनी पाहिली नसणार.

हे सगळं मी भाऊजींना सांगितलं नाही. हातोडी त्यांच्या हातात होती. मी फक्त विचारलं, "ती कांडी तुम्ही कधी बदललीत?"

"मी कुठे बदलली! आज पहिल्यांदा बघतोय."

"आणि निम्मी शिल्लक आहे. गाडी तर १९९२ची."

भाऊजी इंजिनिअर. घसाऱ्याचा हिशेब मला मांडावा लागला नाही. तीस वर्षं काही ती कांडी टिकलेली नव्हती. आधीच्या मालकाने गाडी विकण्यापूर्वी केव्हातरी नवी घातली होती आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. भाऊजींनी सहा उन्हाळे त्या माणसाच्या मॅग्नेशियमवर आंघोळी केल्या होत्या.

ते बाहेर जाऊन ती काळवंडलेली कांडी जरा वेळ बघत उभे राहिले. ताई चहा घेऊन आली. झालेला वाद तिने ऐकला होता. म्हणाली, "अहो, रविवारी येणारा माणूस तुमच्याएवढाच आडवा असला तर तो या कपाटात शिरायचा कसा?"

हातोडी खाली ठेवली गेली. शनिवारी दुकानातून बिजागऱ्या, चार स्क्रू आणि एक नवी कांडी आली. नवा पाइप भाऊजींनी वीतभर जास्तच ठेवला. मी काही विचारलं नाही. दार बसल्यावर त्यांनी जाड मार्कर काढला आणि आतल्या बाजूला लिहिलं : वरचा गरम, खालचा थंड, कोपर आणि कांडी नवी.

मग ते थबकले. "तारीख कशी घालू रे? इकडची की आपली?"

मी म्हटलं, "महिना अक्षरात लिहा."