डाग आणि धग

“यंदा सूर्यावर डागच लय हायेत, मंग ऊन तापनच ना!” यवतमाळच्या दत्त चौकातल्या रसवंतीवर एका गृहस्थांनी ठोकून दिलेलं हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. डाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरची त्यातल्या त्यात थंड जागा, हे शाळेतली पोरंही सांगतील. भोवताली सुमारे ५८०० केल्विन, डागाच्या गाभ्यात ४०००च्या आसपास. मग डागांनी ऊन वाढेल कसं?

पण ‘थंड’ म्हटल्याने विषय मिटत नाही. उष्णता असणं वेगळं, ती वर पोचणं वेगळं. सूर्याच्या पोटातली उष्णता शेवटच्या टप्प्यात तापलेला वायूच वर आणतो. निवला की खाली बुडतो. डागात दोन-तीन हजार गॉसचं चुंबकीय क्षेत्र असतं (जॉर्ज हेल यांनी ते १९०८मध्ये ओळखलं). ते या विद्युतभारित वायूला आडवं सरकू देत नाही, घुसळण मंदावते. वाट साफ बंद मात्र होत नाही. गाभ्यातही बारीक उजळ ठिपके दिसतात, तिथून गरम वायू चोरवाटेने वर येतो. कडेच्या फिकट झालरीत तर तो तंतूंमधून बाहेरच्या बाजूला वाहतो. हा प्रवाह जॉन एव्हरशेड यांनी १९०९मध्ये आपल्याच कोडाईकनालला पकडला.

अडलेली उष्णता जाते कुठे? डागाभोवती झळाळतं कडं दिसायला हवं, पण तसं ठळक कडं नसतं. खालच्या अफाट थरात ती पसरते, मुरते. म्हणजे डाग सूर्याला खरोखर किंचित मंद करतात.

इथे गृहस्थांना गप्प करता आलं असतं. पण १९७८पासूनची उपग्रहांची मोजमापं उलटं सांगतात: डाग सर्वाधिक असतात तेव्हा सूर्य सुमारे ०.१ टक्क्याने जास्तच प्रखर असतो! मोठ्या डागांसोबत असंख्य बारीक चुंबकीय नळ्याही उगवतात. नळीतला वायू विरळ, त्यामुळे आतल्या तापलेल्या भिंतींपर्यंत नजर पोचते आणि ती जागा उजळते. मोठ्या जुडग्यात, म्हणजे डागात, उष्णतेला अडवणारं चुंबकत्व बारीक नळीत तिला फट करून देतं. हे उजळ भाग अतिनील प्रकाशात अधिक उठून दिसतात. भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरची, पुण्याच्या आयुका या संस्थेत साकारलेली ‘सूट’ दुर्बीण नेमकी तिथेच पाहते.

खोडायला निघालो होतो, पण निम्मं मान्य करावं लागतंय. डागांच्या काळात ऊन वाढतं. पण ते यवतमाळला भाजणारं ऊन नव्हे. इथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: २२ मेच्या आणि २१ जुलैच्या आसपास. सूर्य तोच, उंची तीच. तरी मेमध्ये पारा ४५च्या घरात आणि जुलैत कपाशीच्या वावरात चिखल. एवढा फरक ढग आणि ओली माती पाडतात. डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राने पृथ्वीचं सरासरी तापमान हलतं ते अंशाच्या जेमतेम दहाव्या भागाने.