पोलिओ आणि प्रारब्ध

पोलिओने लुळ्या पडलेल्या पायाकडे पाहून ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणण्याची रीत जुनी आहे. ती तपासायची तर आधी शरीरात काय घडते ते पाहावे लागते.

पोलिओचा विषाणू बहुधा विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून किंवा अन्नातून तोंडावाटे शिरतो आणि घशात व आतड्यात वाढतो. बहुतेक मुलांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना ताप येतो, घसा दुखतो आणि ती बरी होतात. सुमारे २०० संसर्गांमागे एकात मात्र तो मज्जारज्जूच्या पुढच्या भागात पोहोचून स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. मग स्नायू ढिले पडतात, झिजतात, आणि वाढीच्या वयातला पाय बारीक व आखूड राहतो. श्वासाचे स्नायू निकामी झाले तर जीवही जातो. पण त्या पायाला स्पर्श कळतो, वेदना कळते; बुद्धीला तर धक्काही लागत नाही.

एकाच वस्तीतले पाणी पिणाऱ्या मुलांपैकी नेमके हेच का? संसर्गाच्या काळात स्नायूत दिलेले इंजेक्शन किंवा अतिश्रम यांनी लकव्याचा धोका वाढतो, एवढे वैद्यकाला ठाऊक आहे. एकेका मुलापुरते पूर्ण उत्तर त्याच्याजवळ नाही. या रिकाम्या जागेत प्रारब्ध येऊन बसते.

कर्मसिद्धान्तात संचित (साठलेले कर्म), प्रारब्ध आणि क्रियमाण (आता घडत असलेले कर्म) असे भेद आहेत. प्रारब्ध म्हणजे संचितापैकी या देहात फळू लागलेला भाग. दुसऱ्याचे प्रारब्ध वाचण्याचा अधिकार हा सिद्धान्त शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत नाही. बुद्धांनी तर सीवक नावाच्या परिव्राजकाला स्पष्टच सांगितले, की पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात यांनीही दुःख होते; सगळेच पूर्वकर्माचे मानणे चूक आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील विवेचन याहून मोलाचे आहे. प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असताना माणसे एकाच रोगाने एकाच वेळी का मरतात, असे शिष्य अग्निवेश विचारतो. वायू, जल, देश आणि काल बिघडल्यामुळे, असे गुरू आत्रेय सांगतात. या बिघाडाच्या मुळाशी ते अधर्म ठेवतात, आणि त्याची सुरुवात देश व नगर चालवणाऱ्यांपासून होते असे मानतात. इथे पाप एकट्या रुग्णाच्या खात्यावर पडत नाही. मैला पिण्याच्या पाण्यात मिसळू देणारी व्यवस्था आणि लसीचे डोस न पोहोचलेली वस्ती यांचा जाब हा विचार समाजाला विचारतो. पोलिओच्या बाबतीत तोच खरा ठरतो.

लसीनेही एक कठीण प्रश्न उभा केला. तोंडावाटे देण्याच्या लसीतला दुबळा केलेला जिवंत विषाणू फार क्वचित, लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला, लकवा देतो. सर्वांच्या रक्षणासाठी घेतलेल्या या जोखमीची किंमत जे मूल मोजते, त्याचे ऋण सर्वांवर राहते. भारताने २०१५ पासून हा धोका नसलेली इंजेक्शनची लसही देण्यास सुरुवात केली.

लसीतल्या नव्हे, तर निसर्गात पसरणाऱ्या पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त प्रमाणित झाला. त्याआधी पांगळी झालेली बहुतेक माणसे आज प्रौढ आहेत. मूळ आजारानंतर १५ ते ४० वर्षांनी त्यांच्यापैकी काहींचे स्नायू पुन्हा दुबळे होतात, थकवा वाढतो. त्यांना कॅलिपर, व्यायामोपचार आणि चढता येईल असा रॅम्प मिळवून देणे, हे समाजाचे आजचे क्रियमाण आहे.